ट्रान्सफर न्यूट्रलला टाकून गाडी गिअरमध्ये लावू नका

गेल्या सोमवारी सकाळी चंदगडहून मामेभावाचा फोन आला. त्याची फोर-बाय-फोर पिकअप अंगणातून आपोआप उतारावर निघाली आणि खालच्या फणसावर जाऊन आदळली. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती, हे तो शपथेवर सांगत होता. त्याच उतारावरून मामी नुकतीच धार काढून, कासंडी घेऊन वर आली होती.

ज्या मेसेजचं ऐकून त्याने रात्री ट्रान्सफर न्यूट्रलला टाकला होता, तो त्याने मला पाठवला. वर मथळा: ‘ट्रान्सफर केस बिघडला? हजारो रुपये वाचवा’. ट्रान्सफर केस, आमच्या भाषेत नुसता ट्रान्सफर, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा. खाली पाच उपाय, आणि शेवटी प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोचवायची विनंती. दुपारपर्यंत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर उघडण्यात माझी अठरा वर्षं गेली आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मेसेजमधला तिसरा उपाय आधी घेतो, कारण तो माणूस मारू शकतो. त्यात लिहिलंय: ‘ट्रान्सफरमधून आवाज येत असेल तर रात्री लिव्हर न्यूट्रलला टाका, चेनचा ताण उतरतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, कुठे जात नाही.’

ती जाते. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफरमध्ये येते, आणि ट्रान्सफर ती पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यांना वाटतो. उभी गाडी गिअरमध्ये ठेवली की ती याच वाटेने उलटी इंजिनाला अडकून राहते. ट्रान्सफर न्यूट्रलला टाकला की ही वाट मधेच तुटते. मग गिअरबॉक्समध्ये पहिला लावा, रिव्हर्स लावा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ (पार्क) लावा, चाकांना त्याचा पत्ताच लागत नाही. गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते, आणि जुन्या पिकअपचा हँडब्रेक किती धरतो ते चालवणाऱ्याला माहीत असतं. विश्वास बसत नसेल तर जनरल मोटर्स किंवा जीपच्या फोर-बाय-फोर गाडीची मालक-पुस्तिका उघडा. ट्रान्सफर न्यूट्रलला असताना ‘पी’ लावूनही गाडी घरंगळू शकते, असा इशारा त्यात दिलेला आहे. ऑटोमॅटिकच्या ‘पी’ची ही गत, तर आपल्या पहिल्या गिअरचं काय घेऊन बसलात?

आणि ट्रान्सफरच्या आतल्या चेनचा ताण? फोर-व्हील लावून कोरड्या डांबरावर गाडी वळवली की शाफ्टमध्ये ताण साठतो, एवढं खरं. पण तो उतरवायला लिव्हर टू-व्हीलला घ्या आणि गाडी सरळ रेषेत चार हात मागे-पुढे करा. झालं काम. तरीही एखाद्या कारणाने, समजा टो करायला, न्यूट्रल लावावाच लागला तर आधी चारही चाकांना दगड लावा, मग लिव्हरला हात घाला.

पहिला उपाय म्हणे फोर-व्हील कायम लावून ठेवायचं, म्हणजे ‘लोड दोन्हीकडे वाटला जातो’. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये फोर-व्हील लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना कुलूप लावल्यासारखे जखडले जातात, मधे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात एखादं चाक घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर ते घसरत नाही, मग टायर घासतात, लिव्हर अडकतो, चेन ताणते. चांगला ट्रान्सफर बिघडवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

दुसरा, ‘90 नंबर ऑइल सगळ्यांना चालतं’. जुन्या जीपच्या गिअरवाल्या ट्रान्सफरमध्ये चालायचं, हे मान्य. पण चेनवाल्या बऱ्याच ट्रान्सफरना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं. अमेरिकेतल्या काही शेव्हरोले पिकअपना तर खास निळ्या रंगाचं ऑइल ठरवून दिलंय. घट्ट ऑइल थंडीत बारीक वाटांतून बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. कुठलं घालायचं ते पुस्तिकेत पाहा.

त्यालाच जोडून लिहिलंय की गाडीखाली डाग नाही म्हणजे ऑइल पुरेसं आहे. त्याच शेव्हरोले गाड्यांमध्ये ट्रान्सफरच्या आतला ऑइल पंप हलून हलून मॅग्नेशियमच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, आतून भोक पाडायचा. भोक वरच्या बाजूला, म्हणून उभ्या गाडीखाली थेंब पडत नाही. गाडी चालताना आतलं ऑइल उडतं आणि तिथून बाहेर जातं. मालकाला कळायचं ते ट्रान्सफर कोरडा पडल्यावर. म्हणून फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, खोलून बोट घालून बघा. डागावर जाऊ नका.

चौथा उपाय, पुढचा शाफ्ट काढून गाडी चालवायची. त्यात अर्धं सत्य आहे, तेवढं कबूल करतो. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी टू-व्हीलवर घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. ट्रान्सफरकडची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो ती चकती, मात्र जागेवर राहू द्या, नाहीतर ऑइल बाहेर येईल. फोर-व्हीलच्या लिव्हरला हात लावू नका. आणि ट्रान्सफरच्या आत बेअरिंग फुटलं असेल तर शाफ्ट काढून काही उपयोग नाही, गाडी उचलूनच न्या.

पाचवा, हाउसिंगच्या तड्यावर एम-सील. तेलकट धातूवर ते टिकत नाही. बाजूच्या पातळ भिंतीला बारीक तडा असेल तर स्वच्छ धुऊन वेल्डिंग जमतं. तडा बेअरिंगच्या बैठकीत गेला असेल तर हाउसिंग बदला. भंगारातून जुना ट्रान्सफर आणणार असाल तर इनपुट शाफ्टचे दाते मोजा, पुढचा शाफ्ट डावीकडून निघतो की उजवीकडून ते बघा, लो गिअरचं प्रमाण जुळवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन ट्रान्सफर आतून वेगळे निघतात.

मामेभावाची गाडी बुधवारी माझ्याकडे आली. खालचा प्लग काढला तर लोहचुंबकाला करड्या चिखलाचा गोळा चिकटलेला होता, त्यात चेनचे चमकते तुकडे. हाउसिंग शाबूत होतं. चेन, दोन बेअरिंगं आणि सगळे सील बदलले. हँडब्रेकची केबलही बदलली. मेसेज ज्या गटातून आला तिथे तिसऱ्या उपायाबद्दल त्याने स्वतः लिहिलं, फणसाला टेकलेल्या गाडीच्या फोटोसकट.