माका इचारलंस?

काल रात्री धड झोप लागली नाही. एका खेळातल्या खलनायकापायी एवढं कशाला, असं काही जण म्हणतील. म्हणू देत. मला राग आलाय आणि तो मी इथेच काढणार आहे.

आठ महिने झाले, दर रविवारी आमच्या कुडाळच्या घराच्या पडवीत आम्ही सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. डीएम मी. म्हणजे गोष्ट मी चालवते आणि खलनायकाच्या तोंडून मीच बोलते. आमचा खलनायक एक तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या. बंदरावरच्या माणसाने वादळाच्या रात्री दिवा लावला नाही, याच्या भावाचं गलबत खडकावर फुटलं, आणि त्यानंतर हा किनाऱ्यावरच्या वाड्या जाळत सुटला. वाईट माणूस. त्यात मला काही शंका नाही.

काल तो सापडला. हात मागे बांधलेले, गुडघ्यांवर बसलेला. भावाबद्दल तो पहिल्यांदाच बोलणार होता. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आमच्या क्लेरिकने, म्हणजे मंत्र येणाऱ्या पुजाऱ्याचं पात्र खेळणाऱ्या पोराने, पिशवीतून हेल्म ऑफ ऑपोझिट अलाइनमेंट नावाचं जादूचं शिरस्त्राण काढून त्याच्या डोक्यावर घातलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. प्रत्येक पात्राला एक अलाइनमेंट असते: चांगला की वाईट, शिस्तीचा की बेबंद, मधलेही धरून नऊ घरं. हे शिरस्त्राण डोक्यावर गेलं की अलाइनमेंट उलटी होते. आम्ही खेळाच्या नियमांची साडेतीन आवृत्ती खेळतो, त्यात विल सेव्ह पंधराचा, म्हणजे मनाच्या जोरावर जादू परतवायला फासा आणि पात्राचे गुण मिळून पंधरा लागतात. फासा पडला दहा, तांडेलाचे चार, एकूण चौदा. एकाने गेला. पाऊस कौलांवर वाजत होता, भजीची ताटली मध्ये होती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याच्या तोंडून म्हणावं लागलं, ‘मला माफ करा, मी आता तुमच्याबरोबर येतो.’ म्हणताना अंगावर काटा आला.

टाळ्या कसल्या वाजवता?

माझे काका प्यायचे. खूप. काकीने कुठून तरी दारू सोडवायच्या गोळ्या आणल्या आणि महिनाभर त्यांच्या सकाळच्या चहात कुटून घातल्या. त्या गोळीवर माणूस प्यायला की तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते. म्हणून तर रुग्णाला सांगितल्याशिवाय ती द्यायचीच नसते. काका जत्रेच्या रात्री प्यायले आणि देवळामागे कोसळले. मी तेव्हा नववीत. त्यांचा रंग मला अजून आठवतो, शिजवलेल्या कुर्ल्यासारखा. वाचले. घाबरून दारू सुटली. घरात सगळे खूश, काकीने देवाला नारळ दिला.

मग एके दिवशी काकांनी तांदळाच्या डब्यात हात घातला तर गोळ्यांची पट्टी हाताला लागली. ती घेऊन ते चुलीपाशी काकीजवळ आले. ओरडले नाहीत. ‘माका इचारलंस?’ एवढंच म्हणाले.

आता कोणी म्हणेल, कुठे काकाची दारू आणि कुठे तुझा तांडेल. मला दोन्ही एकच वाटतात.

आणि नियम लिहिणाऱ्यांनाही हे कळत होतं, हेच मला कालपासून सलतंय. हे शिरस्त्राण शापित वस्तूंच्या यादीत आहे. शापित! नियमात स्पष्ट लिहिलंय की ज्याच्यावर ते चाललं त्याला परत पूर्वीसारखं व्हायच्या कल्पनेनेच धडकी भरते, तो स्वतःहून परत यायचा प्रयत्नही करत नाही. विश किंवा मिरॅकल असली मोठी जादू केली तरच. म्हणजे जुना तांडेल आत कुठे ओरडतही नाहीये. त्याला आपण घालवलं, आणि त्याच्या तोंडूनच ‘बरं झालं’ म्हणवून घेतलं. मारलं असतं तर निदान तो स्वतः म्हणून मेला असता.

काल कोणीतरी म्हणालं की चांगल्या देवांचे भक्तही हे करतात. करतात. २००३ मध्ये आलेल्या बुक ऑफ एक्झॉल्टेड डीड्समध्ये सँक्टिफाय द विकेड नावाचा मंत्र आहे: दुष्टाचा आत्मा हिऱ्यात वर्षभर कोंडायचा, आणि वर्षाने तो चांगला होऊन बाहेर. मंत्र घालणारा स्वतःची एक लेव्हल, म्हणजे खेळात कमावलेल्या ताकदीची एक पायरी, गमावतो, म्हणून तो पवित्र म्हणे. काकीनेही त्या गोळ्यांसाठी कानातल्या कुड्या मोडल्या होत्या. तिला किती पडलं याने चहातली गोळी बदलते का?

त्याच साडेतीन आवृत्तीत अटोनमेंट नावाचा मंत्र आहे. आमच्या क्लेरिकला तो येतो! एक तास लागतो. वाईट माणसाला समोर बसवून वाट बदलायची संधी द्यायची, तासभर तो तिथे हजर हवा, आणि शेवटी ठरवायचं त्यानेच. धाक नाही, जबरदस्ती नाही, जादूचा जोर नाही, असं नियमच म्हणतो. तो नाही म्हणू शकतो. नाही म्हणाला असता तर मग लढा, कैदेत टाका, काय ते करा.

काल मला गप्प करायला वाल्याचं नाव काढलं. झाला ना वाल्याचा वाल्मीकी? झाला. पण नारदाने त्याला विचारलं, तुझ्या पापात वाटेकरी कोण? वाल्या आपल्या पायांनी घरी गेला, बायकापोरांना विचारलं, ऐकायचं ते ऐकलं आणि परत आला. घरून परत येतानाची ती वाट त्याची त्याने चालली. नारदाने वीणा डोक्यात हाणून त्याला वाल्मीकी केलं नाही.

आणि आपण तर धयकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या रात्री देवळासमोर गोधडी घेऊन बसलेली माणसं. दशावतारात लिहून दिलेलं नसतं, नट उभ्या उभ्या बोलतो. संकासूर वेद चोरतो आणि मरेपर्यंत संकासूरच असतो. रात्री तीन वाजता आख्यानात राक्षस आला की पेंगणारी पोरं उठून बसतात, कारण त्याच्याशी आधी शब्दांत झुंजायचं असतं. मी आठ महिने पडवीत तेच करायचा प्रयत्न करतेय.

ठीक आहे, वाड्या जळायच्या थांबल्या. एवढं मान्य.

काका अकरा महिने कोरडे राहिले. पट्टी सापडल्यावर पुन्हा प्यायला लागले. मग तीन वर्षांनी, मुलीच्या बारावीच्या वर्षी, कोणालाही न सांगता थांबले. आम्हाला कळलं तेही चार महिन्यांनी. पण शेवटपर्यंत काकीच्या हातचा चहा घेतला नाही. सकाळी उठून स्वतःचं आधण स्वतः ठेवायचे, कप स्वतः विसळायचे. काकी तिथेच बसून खोबरं खवत असायची. काका गेल्यावर एकदा तिने मला विचारलं, ‘मी काय करूक होया होतां गो?’ दोन मुली होत्या तिला. मला उत्तर देता आलं नाही.

हे लिहिताना राग उतरत चाललाय. आमचा क्लेरिक माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: ताई, बाकीचे त्याला मारणारच होते, मला ते बघवत नव्हतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. इथेच देते.

मला माहीत आहे रे. तुला त्याला वाचवायचं होतं. शिरस्त्राण आता रिकामं लोखंड झालंय, एकदाच चालतं ते. तांडेल तुमच्या होडीत वल्ह्यावर बसलाय, सगळ्यांशी गोड बोलतोय. भावाचं नाव मात्र अजून कोणी त्याला विचारलेलं नाही. रविवारी चार वाजता ये, बाकीच्यांच्या आधी. त्याच्याजवळ बस आणि विचार.