पाठ दाखवण्याचं प्रशिक्षण

भाच्याने परवा एक रील पाठवलं. काळा गॉगल, काळी पॅन्ट, हातात रायफल, मागे दणदणीत संगीत आणि खाली पट्टी : तीन आठवड्यांत आर्म्ड बॉडीगार्ड व्हा, इराक-आफ्रिकेत नोकरी मिळवा. सोबत प्रश्न, "मामा, तू बसऱ्यातच आहेस ना? हे खरं असतं का रे?" त्याचा मित्र अग्निवीर आहे. चार वर्षं संपत आली आहेत, आणि २०२२च्या योजनेनुसार पुढे कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. उरलेल्यांनी काय करायचं, हा त्या घरातला रोजचा विषय.

रीलखाली नेहमीची जुंपली होती. एक गट म्हणतो, देशाने हातात दिलेली बंदूक परक्यांच्या तेलासाठी चालवणार, म्हणजे भाडोत्रीच की! दुसरा म्हणतो, चार वर्षांनी हातात नारळ देता, मग पोट नेईल तिकडे जाऊ. मधूनच कुणीतरी "होता जिवा म्हणून वाचला शिवा" टाकून जातो, त्याला सगळ्यात जास्त बदाम.

मी सैनिक नाही. इराकमध्ये पाइपलाइनचं काम बघणारा माणूस. पण गेली सहा वर्षं दुसऱ्याच्या बंदुकीच्या आडोशाने साइटवर जातो-येतो, त्यामुळे या धंद्याकडे मागच्या सीटवरून बघायची सवय झाली आहे. आणि तिथून बघताना वाटतं, आपल्याकडचं भांडण भलत्याच गोष्टीवरून चाललंय. दोन्ही गट बंदुकीबद्दल बोलतात. मी मात्र या माणसांना बंदूक न चालवण्याचे पैसे घेतानाच बघितलं आहे.

पहाटे पाचला आवारात ब्रीफिंग होतं. रक्षकांचा टीमलीडर नकाशावर आजचा रस्ता दाखवतो, नाकी कुठे, कालपासून काय बदललं, जवळचं हॉस्पिटल कोणतं. मग माझ्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघतो, त्यावरची रक्तगटाची पट्टी वाचतो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतो, "काही झालं तर मी तुम्हाला खाली दाबेन. राग मानू नका." सहा वर्षांत त्याने एकदाही दाबलेलं नाही.

एकदा रुमेला या तेलक्षेत्राच्या वाटेवर पुढे एक पिकअप उलटली होती. रस्त्यावर माणूस पडलेला, दुसरा हात करून थांबवतोय. आपला जीव खालीवर होतो, गाडी थांबवा म्हणायला तोंड उघडतोच आपण. आमच्या ड्रायव्हरने शंभरेक मीटर अलीकडेच वेग कमी केला, टीमलीडर रेडिओवर दोन शब्द बोलला, गाड्या वळल्या आणि आम्ही आलो त्या रस्त्याने परत. अपघाताची खबर पोलिसांना कळवली, बस. तो अपघात खरा होता, सापळा नव्हता, हे संध्याकाळी कळलं. मी दोन दिवस टीमलीडरशी धड बोललो नाही. तो म्हणाला, "खोटा असता तर तुम्ही बोलायला नसता." यावर काय बोलणार?

सैनिक आणि अंगरक्षक यांत फरक पडतो तो इथे. गोळी आली की सैनिक आड घेतो, उलट मारा करतो आणि शत्रूच्या दिशेने सरकतो. पाठ दाखवायची नाही, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. अंगरक्षकाला नेमकी पाठ दाखवायला शिकवतात : माणूस झाकायचा, गाडीत कोंबायचा आणि निघायचं. गोळी मारायचीच तर ती निघायला वाट मिळावी एवढ्यापुरती. लष्करात दहा वर्षं काढून आलेल्याला ही एक गोष्ट अंगवळणी पाडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, असं इथले प्रशिक्षक सांगतात.

जिवा महालाचं म्हणाल, तर १० नोव्हेंबर १६५९ला त्याचा वार क्षणाचा होता. पण भेटीची जागा आपल्या गडाच्या पायथ्याशी असावी, कुणाबरोबर किती माणसं, जंगलात कोण दबा धरून, हे सगळं आधी ठरलं होतं. इथे त्याला ॲडव्हान्स म्हणतात आणि बहुतेक दिवस त्यातच जातो. रीलमध्ये ते येणार नाही, कारण एक माणूस चार तास रिकामा जिना आणि मागचं दार बघत फिरतो, यावर संगीत काय लावणार?

आम्हा प्रवाशांनाही दर वर्षी एक दिवस प्रशिक्षण असतं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, स्वतःच्या मांडीवर लावून बघायचा. काडी तिसऱ्यांदा पिळली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात, आणि प्रशिक्षक शांतपणे म्हणतो, अजून नाडी लागतेय, आणखी पिळा. मग लावल्याची वेळ मार्करने लिहायची. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, म्हणून आधी रक्त थांबवा, मग श्वास बघा, हा क्रम त्यांना झोपेतही यावा लागतो. टीममधले सगळे हे अंधारात करतात, एका हाताने करतात. गोळीबाराचा सराव होतोच, पण त्यातही निम्मा वेळ अडकलेली रायफल मोकळी करणं, आणि कधी चालवायची नाही याचे नियम. चुकून एक गोळी सुटली, जमिनीत गेली, कुणाला लागली नाही, तरी माणूस बहुधा पुढच्या विमानाने घरी जातो.

ब्रिटनमध्ये अंगरक्षकाचा परवाना एसआयए ही सरकारी संस्था देते. त्या परवान्याच्या अभ्यासक्रमात शस्त्र चालवणं नाहीच. ज्याला हत्यारी काम हवं, त्याने ते वेगळं शिकायचं. आपल्याकडे २००५च्या खासगी सुरक्षा कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत साध्या रक्षकासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर असं प्रशिक्षण आहे. माजी सैनिक आणि पोलिसांना सवलत, ४० आणि १६ तास, किमान सात दिवसांत. मॉलच्या दारासाठी ते पुरेल. त्या प्रमाणपत्राला इथे कुणी विचारत नाही.

आता मला जे खुपतं ते. आमच्या आवाराच्या दुसऱ्या फाटकावर एक निवृत्त हवालदार आहेत, आपल्याकडचे. सतरा वर्षांची नोकरी, अदबीने बोलणारे. त्यांना बॉडीगार्ड म्हणूनच आणलं होतं. कोर्सची फी भरून घेतली, फोटो काढला, आणि इथे उतरवल्यावर फाटक दिलं. एकदा चहा पिताना म्हणाले, "साहेब, कोर्सला दीडशे राउंड मारले. इथे आरसा मारतो गाड्यांखाली." फाटक हलकं काम आहे असं नव्हे. गाडीबॉम्ब आलाच तर पहिला त्यांच्याच अंगावर येणार. पण पगाराची पायरी पासपोर्टच्या रंगावर ठरते. गोऱ्या माणसाला चालता रक्षक म्हणून घेतात, नेपाळी-भारतीय-युगांडाच्या माणसाला उभा रक्षक म्हणून. आणि उभ्या माणसाला कुणी बुलेटप्रूफ गाडी देत नाही.

२० जून २०१६ला काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीच्या रक्षकांची मिनीबस आत्मघाती हल्ल्यात उडाली. मेलेल्यांत बहुतेक नेपाळी होते, काही भारतीय. रोज ज्यांच्या जिवावर राजदूत चिलखती गाडीतून फिरत, ती माणसं साध्या मिनीबसमधून कामावर जात होती.

'भाडोत्री' म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १६ सप्टेंबर २००७ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी १७ नागरिक मारले. चौघांना अमेरिकेत शिक्षा झाली, आणि २०२०च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. इराकमधलं परदेशी कंत्राटदारांचं कायद्याचं कवच २००९पासून गेलं आहे. आज इथे भारतीय रक्षकाची गोळी चुकली, तर त्याला इथलं कोर्ट, इथला तुरुंग. त्याला माफी द्यायला कोण बसलंय?

आपला कायदा काय म्हणतो? २००५च्या कायद्यानुसार भारतीय एजन्सीला परदेशात सुरक्षा पुरवायची तर परवानगी लागते आणि त्यासाठी केंद्राशी सल्लामसलत होते. पण माणूस एकटा, परदेशी कंपनीच्या करारावर गेला तर? इराकसारख्या देशात नोकरीला जाताना उत्प्रवासन मंजुरी, म्हणजे सरकारची आधी परवानगी, लागते ती दहावी न झालेल्यांना. दहावी पास जवान त्या चाळणीतून अलगद निसटतो. त्याच्याबरोबर सक्तीचा विमाही निसटतो. २०२४ साली रशियात 'सुरक्षा मदतनीस' म्हणून नेलेली आपली मुलं युक्रेनच्या आघाडीवर निघाली, सीबीआयने एजंटांवर गुन्हे नोंदवले. तेव्हाही आपल्याकडे वाद झाला तो मुलांच्या देशभक्तीवर.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आलो आहे, पगारासाठीच आलो आहे. भाच्याच्या मित्राला म्हटलं, कंपनीचं नाव माग, खासगी सुरक्षा कंपन्यांसाठीच्या जिनिव्हाच्या आचारसंहिता संघटनेच्या यादीत आहे का बघ. करारात 'अंगरक्षक' लिहिलंय की 'रक्षक', ते वाच. हत्याराचा परवाना कुणाच्या नावावर, विमा कुणाचा, ते लेखी घे. आणि त्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक मला पाठव.

वेळापत्रक आलं. फायरिंग, कराटे, व्यक्तिमत्त्व विकास, सूट-बूट घालून फोटोशूट. प्रथमोपचार शेवटच्या शनिवारी दुपारी, जेवणानंतर दीड तास.

मित्राने एजंटला विम्याचं विचारलं. उत्तरादाखल त्याने तेच रील पुन्हा पाठवलं.