हमाल चार, ट्रॅक्टर आठ

परभणीत मे महिन्यात दोन प्रश्न विचारू नयेत. ऊन किती आहे, आणि सर्व्हर हळू का चालायलंय. दोन्हींचं उत्तर आकड्यात मिळतं आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

फोन ठरलेला असतो. "सर, मशीन लई हळू चालायलंय. अपटाइम कमांड टाकली तर लोड आठ दाखवायलंय!" आठ हा आकडा लॅबवाल्याने हिमोग्लोबिन सांगावं तशा आवाजात येतो. मी विचारतो, "कोअर किती?" पलीकडे शांतता. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात. मग ते मोजणारी एनप्रॉक ही कमांड टाकायला लावायची. उत्तर येतं, चार.

आता मोंढा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनचा सीझन, आडतीवर हमाल चार आणि दारात ट्रॅक्टर आठ. चार रिकामे होतायत, चार रांगेत. हमाल म्हणजे कोअर, ट्रॅक्टर म्हणजे कामं. लोड आठ म्हणजे एवढंच. हमाल सोळा असते तर हाच आठ म्हणजे निम्मे हमाल तंबाखू मळत बसलेले. अपटाइम असे तीन आकडे देतं: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांच्या सरासरीचे. ८, ५, २ असे दिसले तर रांग वाढतेय. २, ५, ८ दिसले तर फोन करायला उशीर झाला, ट्रॅक्टर रिकामे होऊन गावाकडं निघाले.

पण लिनक्समध्ये, म्हणजे या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, एक ग्यानबाची मेख आहे. १९९३ पासून त्याच्या लोडमध्ये प्रोसेसर मागणारे तर मोजतातच, शिवाय डिस्कची वाट बघत अडकलेलेही मोजतात. म्हणजे वजनकाट्याच्या पावतीसाठी खोळंबलेला ट्रॅक्टरसुद्धा हमालांच्याच खात्यावर! त्यामुळे लोड आठ आणि प्रोसेसर नव्वद टक्के रिकामा, हे दृश्य अगदी शक्य आहे. अशा वेळी टॉप, म्हणजे चालू कामांची यादी दाखवणारा प्रोग्राम, उघडून एस नावाच्या रकान्यात डी अक्षर लागलेले (म्हणजे अडकलेले) प्रोसेस शोधा आणि वरच्या प्रोसेसरच्या ओळीतला डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, बघा. तो फुगलेला असेल तर नवा प्रोसेसर घेऊन पैसे घालवू नका, डिस्ककडे बघा.

त्याच ओळीच्या शेवटी एसटी असते. ही आपली लाल परी नव्हे, पण रुमालाचं प्रकरण तेच. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका मोठ्या मशीनमधल्या वाट्यावर, तुमच्या कामाला प्रोसेसर हवा असतो आणि त्याच घटकेला मूळ मशीनने तो शेजाऱ्याला दिलेला असतो. सीट तुमची, बसलाय दुसराच. हा आकडा सतत दहाच्या वर राहिला तर स्वतःचा प्रोग्राम कितीही घासूनपुसून लिहा, काही होत नाही. भाडं घेणाऱ्याशीच भांडावं लागतं.

दुसरा हमखास फोन: "सर, एक प्रोसेस तीनशे टक्के खायलाय!" शंभराच्या वर टक्के फक्त बारावीच्या क्लासच्या जाहिरातीत असतात असं लोकांना वाटतं. टॉप एका कोअरला शंभर धरतं, म्हणून तीन कोअर व्यापले की तीनशे. कॅपिटल आय दाबा, चार कोअरच्या मशीनवर तेच ७५ होतं. बिघाडही नाही आणि दुरुस्तीही नाही, भागाकार आहे. आकडा १ दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. तो जरूर बघा. चारांपैकी एक कोअर पूर्ण जळत असेल आणि तीन मोकळे असतील, तर सरासरी २५ टक्के येते आणि सगळं आलबेल वाटतं.

प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस या कमांडवर मात्र माझा राग आहे. त्यातला टक्का प्रोसेसच्या जन्मापासूनचा असतो. दहा तास गपगार पडलेल्या प्रोसेसने शेवटची सहा मिनिटं एक कोअर पूर्ण पिळला, तरी पीएस सांगतं १ टक्का. मशीनचा एकूण हिशोब देणाऱ्या व्हीएमस्टॅट कमांडची पहिली ओळही तसलीच, मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी. म्हणून व्हीएमस्टॅट १ ५ असं टाकायचं, पहिली ओळ पाहुण्यासारखी सोडून द्यायची आणि खालच्या चार वाचायच्या. स्क्रिप्टमधून टॉप चालवणाऱ्यांनीही -एन १ (एकच पडदा) ऐवजी -एन २ द्यावं आणि दुसराच पडदा धरावा.

"काल रात्री दोनला काय झालं होतं?" याला यातलं काहीच उत्तर देत नाही. त्यासाठी सिसस्टॅट नावाचं पॅकेज आधीच बसवलेलं लागतं. ते दर दहा मिनिटांनी नोंद ठेवतं आणि त्यातली सार -यू ही कमांड टाकली की दिवसभराचा हिशोब पुढ्यात येतो. उबुंटू या लिनक्सवर बसवून लोक निर्धास्त होतात, पण सेटिंगच्या फाइलीत एनेबल्डपुढे बऱ्याचदा फॉल्सच असतं. ते ट्रू करा, नाहीतर ऐनवेळी साराचं भांडं पालथंच.

आणि आमच्याकडचा खास रोग, उन्हाचा. एसी बंद, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत वर्षभराची धूळ. तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. टॉप मात्र १०० टक्केच दाखवतं, कारण ते वेळ मोजतं, काम नाही. उन्हानं मंदावलेला हमाल अर्ध्या चालीनं पोती उचलत असला तरी हजेरी पूर्ण दिवसाची लागते. सेन्सर्स कमांड टाकून तापमान बघा, प्रोकमधल्या सीपीयूइन्फो फाइलीत मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, बघा, मग मशीन बंद करून ब्लोअर मारा.

टॉप मुळात दर तीन सेकंदांनी ताजं होतं आणि क्यू दाबलं की बंद होतं. तीन सेकंद पुरतात. पण घाई असलेला माणूस डी दाबून ०.१ सेकंद घालतो, मिनिटभर टक लावून बसतो आणि पुन्हा फोन करतो.

"सर, सापडला! टॉप नावाचा एक प्रोग्राम सगळ्यात वर आलाय. मारू का?"

"मार. क्यू दाब."