चिलटाला पार्किन्सन होत नाही, म्हणून?

‘माशीला कुठे पार्किन्सन होतो? तिच्यावरच्या प्रयोगांतून माणसाचा मेंदू कसा कळणार? हा पैशाचा अपव्यय आहे,’ असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. (फळमाशी म्हटले की आपल्याकडच्या बागायतदाराला आंब्यात अंडी घालणारी कीड आठवते, येथे मात्र पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला, अभिप्रेत आहे.)

मेंदू लहान आहे, हे खरेच. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, तर चिलटाच्या मेंदूत जेमतेम १ लाख ४० हजार. परंतु प्रश्न एकेका पेशीच्या आतल्या कारभाराचा आहे, आणि माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची भावंडे चिलटात सापडतात.

माशीला हा आजार आपोआप होत नाही, हेही मान्य. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत ज्या प्रथिनाचे पुंजके साचतात, त्या अल्फा-सिन्युक्लिनचे जनुक चिलटात मुळातच नाही. मेल फीनी आणि वेलकम बेंडर या शास्त्रज्ञांनी २००० साली माणसाचे तेच जनुक चिलटात घातले, तेव्हा वय वाढत गेले तशा डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशी घटल्या आणि पुंजकेही दिसू लागले. काचेची नळी हलकेच आपटून माश्यांना तळाशी पाडले, की निरोगी माश्या काही सेकंदांत भिंतीवरून वर चढतात. या माश्यांची ती ताकद अकाली ओसरली.

‘यातून हाती काहीच लागले नाही’ हा दावा मात्र सपशेल खोटा आहे. तरुण वयातल्या पार्किन्सनशी संबंधित पार्किन हे जनुक १९९८ साली जपानी रुग्णांत ओळखले गेले आणि पिंक-१चा संबंध २००४ साली उघड झाला, तरी या दोघांचे एकमेकांशी काय नाते आहे, हे कळलेले नव्हते. २००६ साली दोन स्वतंत्र गटांनी पिंक-१ निकामी केलेल्या माश्या तपासल्या, तेव्हा त्या हुबेहूब पार्किन नसलेल्या माश्यांसारख्या निघाल्या: उडण्याचे स्नायू झिजलेले, छातीला खळगा पडलेला, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, बिघडलेले. अशा माशीत पार्किनचे प्रमाण वाढवले की ती बरीच सावरत असे. उलट पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ कितीही वाढवले, तरी फरक पडत नसे. याचा अर्थ पिंक-१ आधी काम करते आणि पार्किन त्याच्यानंतर. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांवर पार्किन जमा होऊन त्यांची विल्हेवाट लावते, हे २००८ साली सस्तन प्राण्यांच्या पेशींत दिसले, आणि पुढे त्या कामासाठी पिंक-१ लागते हेही सिद्ध झाले.

उरला ‘मग उंदीर का नाही?’ हा प्रश्न. उंदीरही वापरतातच, पण यांपैकी एखादे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत डोपामिनच्या पेशी फारशा मरत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हा क्रम ओळखणे कठीण होते. औषध माणसाला मानवेल की नाही, हे चिलट सांगू शकत नाही, आणि तसा दावा कोणी जबाबदार संशोधक करतही नाही. कोणते जनुक कोणाच्या आधी काम करते, हे मात्र दहा-बारा दिवसांत नवी पिढी देणारे चिलट सांगते, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराशी जोडलेल्या व्हीएपीबी जनुकाचा अभ्यास याच माश्यांच्या साहाय्याने केला जातो.