सेट बसता बसेना

मी घरी बसून भाषांतरं करते. साहित्य वगैरे नव्हे. वॉशिंग मशीनमध्ये मांजर जाऊ देऊ नये, फरशी चिकटवायची पावडर तोंडात घालू नये, असं उद्बोधक वाङ्मय मी इंग्रजीतून मराठीत आणते. ते कुणीच वाचत नाही, त्यामुळे वाईट अभिप्रायही येत नाही. पैसे शब्दावर मिळतात. ‘रेफ्रिजरेटर’ एक शब्द, ‘सेट’ हाही एकच शब्द. रेफ्रिजरेटरला ‘फ्रिज’ लिहून मी मोकळी होते. सेट आला की उठून चहा टाकावा लागतो.

त्यात हल्ली एजन्सीचं सॉफ्टवेअर असतं. एका इंग्रजी शब्दाला ठरलेला एकच मराठी शब्द; दुसरा लिहिलात की ओळ लाल. ठरवणाऱ्या कुणा पुण्यवंताने सेटपुढे ‘संच’ लिहून ठेवलं होतं. गणिताच्या पुस्तकातून उचललं असावं. टीव्हीच्या माहितीपत्रकात ‘टीव्ही संच’ इथवर छान जमलं. लगेच पुढे ‘संच सपाट जागी संच करा’, मग ‘घड्याळ संच करा’. पुडिंगच्या पाकिटावर तर ‘चार तास संच होऊ द्या’.

मी एजन्सीतल्या मुलीला फोन केला. “अगं, पुडिंग संच कसं होईल?”

“मॅडम, कन्सिस्टन्सी पाहिजे ना.”

कन्सिस्टन्सी! ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सेट या एका क्रियापदाचे 430 च्या वर अर्थ दिलेत आणि ती नोंद साधारण 60,000 शब्दांची आहे. तेवढी एक नोंद मला भाषांतराला दिली असती, तर घराच्या रंगाचा खर्च निघाला असता. पुढे ‘रन’ने 645 अर्थ जमवून सेटला मागे टाकलं. कोशातल्या एका संपादकाचे त्या ‘रन’पायी नऊ महिने गेले. तेवढ्यात लोकांच्या घरी पाळणा हलतो.

बरं, हा सेट मुळात एकटा नाहीच. एका नावाखाली दोघं राहतायत. ‘समूह’ या अर्थाचा सेट फ्रेंचमधून आला, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ. या हिशेबाने माझ्या सासऱ्यांचा दातांचा सेट हा एक संप्रदायच झाला. रोज रात्री वाटीत जलसमाधी घेणारा.

क्रियापद मात्र अस्सल जुनं इंग्रजी, हजार वर्षांहून वयस्कर. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक रूप सेट. आपल्या संस्कृतातला ‘सद्’ हा धातू याचाच नातलग. त्याच्यापासून सदन, सदस्य, परिषद, संसद. संसद आणि सेटिंग एकाच घराण्यातली निघाली याचं ज्याला नवल वाटेल, त्याने बरेच दिवस पेपर उघडलेला नसावा.

प्रयोजक म्हटल्यावर मला एकदम उजेड पडला. बसणेचं प्रयोजक काय? बसवणे! आणि आपण काय काय बसवतो बघा. अंगठीत खडा बसवतो, गाण्याला चाल बसवतो, हाडवैद्य हाड बसवतो. इंग्रज या तिन्ही ठिकाणी सेटच म्हणतो. शिवाय आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, नळ बसवतो, संसाराची घडी बसवतो, आणि सरकार कर बसवतं. आमचं बसवणं काही कमी खानदानी नाही. मी लगेच लांबलचक ईमेल लिहिली, वर संस्कृतची फोडणीही दिली.

मुलगी हुशार. तिने सॉफ्टवेअरच्या शब्दयादीत शब्द बदलला आणि सॉफ्टवेअरने तो इमानदारीत सगळीकडे घातला. ‘टीव्ही बसवा सपाट जागी बसवा.’ ‘चार स्क्रूंचा बसवा.’ ‘पुडिंग चार तास बसू द्या.’ हे शेवटचं मला आवडलं होतं. दिवसभर उभं राहून थकलेलं पुडिंग.

संध्याकाळी तिचाच फोन. “मॅडम, सेटला सेटच ठेवू या का? लोकांना कळतं.”

आणि कळतं हो! गवंडी सांगतो, “ताई, माल सेट होऊ द्या, पाय ठेवू नका.” शेजारणीचा मुलगा कॅनडात सेट झाला. हॉटेलात सेट डोसा मिळतो. कुणाच्या बदलीसाठी कुणाची मंत्रालयात सेटिंग असते, आणि हा अर्थ तर आम्ही ऑक्सफर्डची परवानगी न घेता स्वतः बसवलाय. आम्ही दोघी डोकं फोडत होतो, तोवर गावाने काम करून टाकलं होतं.

‘सेट सपाट जागी सेट करा.’ लाल ओळी गेल्या. बिल पाठवलं, तर त्यातून थोडे पैसे कापून आले. ‘वेळ सेट करा’ हे वाक्य फाइलमध्ये पुन्हा पुन्हा आलंय, आणि आलेल्या वाक्याला निम्माच दर असतो म्हणे.