‘खराब मॅच विसरा’ म्हणणाऱ्या रायफलवाल्या दादांना

रायफलवाले दादा, नमस्कार.

एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, तर उत्तरही लांबच येणार. चहा घेऊन बसा.

आधीचा लेख न वाचता जे थेट इथे आलेत त्यांच्यासाठी दादांचं म्हणणं थोडक्यात सांगते. राज्य स्पर्धेत एअर पिस्तूलमध्ये मी 600 पैकी 541 मारले, त्यावर लिहिताना ‘खराब मॅच नीट वाचता आली पाहिजे’ असं म्हटलं होतं. दादांच्या मते हे हरल्यावरचं समाधान. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूलच बिघडलं, त्यात शिकण्यासारखं काय होतं, नशीब फुटकं. माझा स्कोअर पडला तो सराव कमी पडला म्हणून, विषय संपला. त्यांच्या वेळचे कोच सांगायचे, खराब मॅच विसरा आणि उद्या सकाळी रेंजवर या. जाता जाता त्यांनी तरुणपणच्या एका मॅचचाही उल्लेख केलाय : शेवटची सिरीज (दहा शॉटांची फेरी) 88 गेली आणि संघातली जागा हुकली. त्याकडे शेवटी येते.

मनूपासून सुरुवात करू, कारण तिचं उदाहरण तुम्ही काढलंत.

25 जुलै 2021, आसाका रेंज. दुसऱ्या सिरीजमध्ये पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली आणि वेळ काही वाढवून मिळाली नाही. साठ शॉटांना मिळतात 75 मिनिटं. एरवी ही वेळ ऐसपैस वाटते, कारण पिस्तूल उचललं, होल्ड (नेम धरलेला हात) स्थिर बसला नाही तर खाली ठेवलं, श्वास घेतला, पुन्हा उचललं, हे करायची मुभा असते. वेळ कापली गेली की पहिली जाते ती ही मुभा. ‘शॉट सोडून देणं’ परवडेनासं होतं. तरी तिने 575 मारले आणि ती बारावी आली. फायनलसाठी 577 लागले. दोन गुण. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्या दिवसाचा मोठा भाग यंत्राच्या नावावर टाकता येतो.

पण दोनच दिवसांनी, 27 तारखेला, मिश्र दुहेरी होती, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. तेव्हा पिस्तूल ठणठणीत होतं. मनू आणि सौरभ चौधरी पहिल्या टप्प्यात 582 मारून सगळ्यांच्या वर होते. दुसऱ्या टप्प्यात सौरभचे 194, मनूचे 186, आणि जोडी सातवी. ही मॅच कुणाला आठवत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखी गोष्ट नाही. बिघाड नाही, अन्याय नाही, धावपळ नाही. माझ्या मते टोकियोतली वाचण्यासारखी मॅच हीच होती. पहिल्या मॅचने तिला कारण आयतं हातात दिलं होतं, दुसरीत ते शोधावं लागणार होतं.

आणि सराव? तिच्या सरावाबद्दल तुम्ही-मी बोलणं हा आगाऊपणा होईल. 2018ची पालेमबांगची एशियाड आठवा. 25 मीटरच्या पात्रता फेरीत मनूने 593 मारले, पहिला नंबर. त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये ती सहावी. सुवर्ण आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतला, तेही थायलंडच्या मुलीबरोबर शूट-ऑफ (बरोबरी फोडायचे जादा शॉट) खेळून. 593 मारणाऱ्या हाताला त्या फायनलपुरता सराव कमी पडला, असं कसं म्हणायचं? फायनलमध्ये पात्रतेचे गुण पुढे येत नाहीत, शॉट 10.2 किंवा त्याहून वरचा असेल तर एक, नाहीतर शून्य. खेळ तोच दिसतो, हिशेब वेगळा असतो.

आता तुम्ही म्हणाल, पॅरिसला पदकं आली ना, म्हणजे टोकियोने शिकवलंच. मी तसंही म्हणत नाही. पॅरिसच्या फायनलमधून मनू बाहेर पडली तेव्हा तिचे 221.7 होते आणि कोरियाच्या किम येजीचे 221.8. तो एक दशांश इकडे आला असता तर कांस्याचं रौप्य झालं असतं, आणि ‘अपयशातून यश’वाल्या लेखांची भाषा आणखी दोन पट्टी चढली असती. निकाल लागल्यावर मागे जाऊन धडा चिकटवणं सोपं असतं. त्या प्रकाराचा मलाही तुमच्याइतकाच कंटाळा आहे.

मी म्हणत होते ते फार लहान आहे. खराब मॅच आपोआप काहीच शिकवत नाही. ती शिकवते ते तुम्ही ‘कॉल’ केलेला शॉट आणि मॉनिटरवर (लेनवरच्या पडद्यावर) आलेला शॉट यांच्यातल्या फरकातून, आणि तो फरक त्याच वेळी टिपलेला असेल तरच. रायफलवाल्यांना कॉल करणं काय असतं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी : शॉट सुटला त्या क्षणी फ्रंट साइट (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेमखूण) कुठे होती ते आठवून, मॉनिटर बघायच्या आधी, मनात म्हणायचं, ‘नऊ, तीन वाजता’, म्हणजे नऊच्या वर्तुळात, घड्याळातल्या तीनच्या बाजूला. मग बघायचं.

माझ्या 541च्या सिरीज अशा होत्या : 92, 91, 93, 84, 90, 91. लेखात मी चौथीवर एवढा वेळ घालवला म्हणून तुम्ही चिडलात. पण वहीत त्या सिरीजसमोर काय लिहिलंय बघा. दोन शॉट असे आहेत की कॉल ‘नऊ, तीन वाजता’ आणि मॉनिटरवर सात, आठ वाजता. कॉल ‘दहा’ आणि मॉनिटरवर सहा, तसाच खाली डावीकडे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट खाली डावीकडे गेला की रेंजवरचा कुणीही सांगेल, ट्रिगर हिसकला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण ट्रिगर हिसकला असता तर फ्रंट साइट खाली बुडताना दिसली असती आणि मी कॉलही तसाच केला असता. मला ती बुडताना दिसलीच नाही. म्हणजे त्या क्षणी डोळा फ्रंट साइटवर नव्हता, टार्गेटवर होता.

पिस्तुलात हे किती महागात पडतं, ते तुमच्या रायफलच्या, अंगाला आधार देणाऱ्या ताठ जॅकेट-पँटवाल्या जगात कदाचित तितकं जाणवत नसेल. (टोमणा समजा हवं तर.) आख्खा हात मिलिमीटरभर सरकला तर शॉटही मिलिमीटरभरच सरकतो, तो दहाचा दहाच राहतो. पण मागची खाच आणि पुढची फ्रंट साइट यांच्यात मिलिमीटरभर वाकडेपणा आला, तर दोन्हींमधलं अंतर जेमतेम तेहतीस सेंटिमीटर आणि टार्गेट दहा मीटरवर, म्हणून शॉट तीन सेंटिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. तीन सेंटिमीटर म्हणजे थेट सात. म्हणूनच पिस्तूलवाले टार्गेट पुसट दिसू देतात आणि फ्रंट साइटची कड मात्र धारदार लागते.

मग डोळा तिथून हलला का? मनाची कमजोरी, ताण, शेजारच्या लेनवरची गडबड, काहीही म्हणता आलं असतं. घरी पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग (छर्रा न भरता सराव) केलं. समोर टार्गेट नाही, काळा गोळा नाही, बघायला फ्रंट साइटशिवाय दुसरं काही नाही. पहिले काही शॉट कड स्वच्छ दिसली. नंतर तिच्या कडेला मिशी फुटल्यासारखी दिसायला लागली, डोळे मिचकावले की सुधारायची, पुन्हा फुटायची. चाळिशी उलटलीय, वाचायचा चष्मा लागलाय, आणि शूटिंग फ्रेममध्ये काच मात्र जुन्या, फक्त लांबच्या नंबरची. दुसरी-तिसरी सिरीज होईपर्यंत डोळा ओढून-ताणून जवळची कड पकडत होता. चौथीत दमला आणि जिथे आरामात दिसतं तिथे, म्हणजे टार्गेटवर, जाऊन बसला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिस्तुलाच्या लांबीची पट्टी हातात धरून, हात ताणून बसले. अर्धा नंबर वाढवून दिला त्यांनी.

आता सांगा, तुमचा सल्ला ऐकून दुसऱ्या सकाळपासून रोज दोन तास जास्त मारले असते तर काय झालं असतं? सूर चुकीचा लागतोय हे न कळता रियाज वाढवल्यासारखं झालं असतं. दमलेला डोळा टार्गेटवर न्यायची सवय आणखी पक्की झाली असती.

तरी सगळे नऊ गुण मी चष्म्याच्या माथी मारत नाही. माझी सरासरी साधारण 550. माझ्यासारखीचे शॉट आठ, नऊ, दहा असे पसरतात; त्याचा हिशेब मांडला तर तयारी तीच, काच तीच, झोप तीच असतानाही साठ शॉटांचा स्कोअर पाच-सहा गुणांनी सहज वर-खाली होतो. त्या दोन शॉटांचे पाच-सहा गुण माझ्या लेखी समजले. उरलेल्या तीन-चार गुणांना कारण नाही, आणि शोधायला गेले तर मी ते बनवीन. तुमचं ‘विसरा’ मला नेमकं इथे उपयोगी पडतं. मॅच चालू असताना तर पडतंच : सहा गेला की वहीत एक ओळ, आणि पुढचा शॉट.

पुढच्या स्पर्धेला उतरणार का, विचारलंत. उतरणार. नव्या काचेने साइट पिक्चर (नेम धरताना दिसणारं चित्र) बदललं, त्यामुळे सध्या क्लिक लावण्यात (साइट जुळवण्यात) आणि साइटर्समध्येच (मोजणीआधीच्या चाचणी शॉटांत) बरेच छर्रे जातायत.

आता तुमच्या 88कडे. खराब मॅच विसरा म्हणता, आणि इतक्या वर्षांनी सिरीजचा आकडा तुमच्या तोंडपाठ आहे. म्हणून विचारते, कागदी टार्गेटं होती तेव्हा, छिद्रं समोर दिसायची. ते बारा गुण एकाच बाजूला गेले होते, की चहूकडे विखुरले होते? आणि सुटताना तुम्ही कॉल काय केले होते?