युरोपावर बोअर कोणी मारत नाहीये

सोयाबीनच्या भावासाठी काढलेल्या आमच्या लोणार-मेहकरकडच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय : ‘नासाचं यान गुरूच्या युरोपा चंद्रावर उतरून बर्फात बोअर मारणार. खाली समुद्रात मासे सापडलेत, पण सरकारं लपवतात.’ त्यावर एका भाऊंचं उत्तर : ‘ऊन नाही तिथं जीव कुठून? पैसा पाण्यात!’ दोन्ही चूक.

नासाचं हे यान, युरोपा क्लिपर, १४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलं, एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. म्हणजे यान अजून वाटेतच आहे, मग मासे पाहिले कोणी? शिवाय जीव शोधणं हे त्याचं कामच नाही. युरोपा जगण्याजोगा आहे का, एवढंच ते तपासणार.

ते उतरणारही नाही. गुरूभोवती लांबट फेऱ्या मारत युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, कधी जेमतेम २५ किलोमीटरवरून. तिथला किरणोत्सार इतका भयंकर, की मुक्काम ठोकला तर यानातलं इलेक्ट्रॉनिक्स लवकरच निकामी होईल. म्हणून नाजूक भाग धातूच्या जाड पेटीत, आणि मोजमाप घेतलं की लगेच लांब पळायचं, मग निवांत माहिती पाठवायची.

बर्फ १५ ते २५ किलोमीटर जाड असावा असा अंदाज आहे. आपल्याकडं ५०० फुटांवर पाणी लागलं नाही तर बोअरच्या गाडीवाल्याचा सूर बदलतो, राजेहो! अंटार्क्टिकात व्होस्टोक सरोवरावरचा पावणेचार किलोमीटर बर्फ भेदायला रशियनांना २०१२ उजाडलं. आणि छिद्र मिटू नये म्हणून त्यात केरोसीन भरलेलं! मग नमुन्यातले जीवाणू सरोवराचे की केरोसीनमधून आलेले, यावर वाद. युरोपावर हीच भीती मोठी : आपणच नेलेला जंतू आपणच ‘शोधायचा’. शनीच्या चंद्रांबाबतही हीच भीती, म्हणूनच शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान २०१७ मध्ये मुद्दाम शनीत घालून जाळलं, आणि क्लिपरचा शेवटही युरोपावर न होता गॅनिमीड या गुरूच्याच दुसऱ्या चंद्रावर आदळून करायचं ठरलंय.

आता उन्हाचं. १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी, काळ्याकुट्ट अंधारात, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जीवांची वस्ती सापडली. त्यातल्या बऱ्याच जीवांना लागणारा ऑक्सिजन शेवटी वर उन्हावर जगणाऱ्या वनस्पती-शेवाळांकडूनच येतो, हा आक्षेप रास्त आहे. पण हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगून मिथेन सोडणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजनही नको असतो. मिथेन बनवणारे असे सूक्ष्मजीव आपल्या लोणार सरोवराच्या गाळातही आहेत. काठावर पांढरा खार साचतो आणि नाकाला रुमाल लावावा लागतो, तिथंच.

शनीचा चंद्र एन्सेलाडस तर बोअरशिवायच पाणी देतो. त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे फवारे कॅसिनीनं २००५ मध्ये टिपले, पुढं त्यांच्यातून जाऊन हायड्रोजनही मोजला. २०४० च्या दशकात तिथं यान धाडायचं युरोपीय अवकाश संस्थेच्या मनात आहे. उतरायचा विचार आहे तो तिथं.